आबांचा डावा पाय

आमच्याकडे सून जेठाशी बोलत नाही. जेठ म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. तो अंगणात आला की पदर नाकापर्यंत ओढायचा आणि तोंडाला कुलूप. हा नियम मला फार जाचला, आणि तो लाजेपायी नाही. ट्रॅक्टरपायी जाचला.

मी रावेरकडची. वडिलांचा ट्रॅक्टर होता, आणि केळीच्या मळ्यातून घडांची ट्रॉली भरून ती सडकेवरच्या ट्रकपर्यंत ओढणं हा त्यांचा धंदा. मला भाऊ नाही, त्यामुळे मडगार्डवर बसायचा मान माझा. वडील म्हणायचे, "गिअरची पेटी म्हणजे माणसाचं पोट. बाहेरून काय दिसतंय? दुखायला लागल्यावर कळतं, आणि तोवर बिघडलेलं असतं." मागे भरलेली ट्रॉली असली की त्यांचा कटाक्ष दोनच गोष्टींवर. चढ दिसला की पायथ्याशीच गिअर पाडायचा, म्हणजे खालचा टाकायचा; अर्ध्या चढावर सुचलेलं शहाणपण कामाचं नाही. आणि क्लचवर पाय टेकून बसायचं नाही. गिअर बदलला की पाय खाली. नुसता टेकला तरी प्लेट घसरते, घासते, जळते, आणि मग पेटीचीही वाट लागते.

माझे कान इतके तयार झाले होते की ट्रॅक्टर कोणत्या गिअरमध्ये येतोय ते मी चुलीपाशी बसून सांगायची. आई वैतागायची. "त्यानं काय भाकरी फुगणार आहे?" म्हणायची.

लग्न होऊन मी आले पिंपळनेरजवळच्या एका खेड्यात. घरात जेठ, जेठाणी, नवरा आणि मी. जेठांना सगळे आबा म्हणायचे, जेठाणीला मी अक्का म्हणू लागले. आबांनी स्वतः शाळा सोडून औत धरलं, धाकट्या भावाला शिकवलं, आणि ट्रॅक्टरही त्यांनीच आणला. पोळ्याला आमच्या घरी बैलांच्या आधी ट्रॅक्टर धुतला जायचा. सीटवर दुसऱ्या कुणाला बसू द्यायचे नाहीत, सख्ख्या भावालाही नाही. माणूस अबोल. मागून हाक मारली तर ओ देतीलच असं नाही. मी मनात म्हणायची, घमेंड! ट्रॅक्टर आला म्हणजे काय आभाळ आलं का हातात?

आणि एवढा घमेंडीचा माणूस क्लचवर पाय ठेवून बसायचा! डाव्या पायातली चप्पल काढून, उघडा तळवा पेडलवर टेकवून, शेतापासून घरापर्यंत. चढ लागला तरी गिअर पाडायचं नाव नाही. इंजिन कण्हायला लागायचं, अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं, आणि आबा वर ढिम्म. पेटीतला तो आवाज ऐकून मी हातातलं काम टाकून दारात यायची.

आमच्या ह्यांना सांगून पाहिलं. हे म्हणाले, "आबांना मी शिकवू? डोकं फिरलं का तुझं?" मग राहिली म्हैस. आमच्याकडे जेठाला काही सांगायचंच असलं तर बाई गोठ्यात उभी राहून जनावराला सांगते. लेकी बोले सुने लागे, त्यातलाच प्रकार. संध्याकाळी आबा ओसरीवर तंबाखू मळत बसले की मी म्हशीपुढे कडबा टाकायची आणि खालच्या आवाजात, सुनेला शोभेल अशा बेतानं म्हणायची, "बाई, ट्रॅक्टर रडी राहिना. चढ येवाना पहिले गिअर पाडजो. क्लचवर पाय नको ठेवू, बाई." ट्रॅक्टर रडतोय, चढ यायच्या आधी गिअर पाड, असं. माझी माहेरची बोली वेगळी, पण एवढी अहिराणी मी तोवर शिकले होते.

आबांची मान वळायची नाही. म्हैस तरी कान हलवायची.

वर्षभर हेच चाललं. मी आतल्या आत धुमसत होते. ऐकून न ऐकल्यासारखं करतात म्हणजे काय? मी काय दारातली केरसुणी आहे?

मग उन्हाळ्यात भाऊबंदांतलं एक लग्न निघालं. ट्रॉलीत बायका, पोरं, आहेराची भांडी, पाण्याचा ड्रम, नुसतं गच्च भरलेलं. मी पुढची फळी धरून उभी. वाटेत एक कोरडा नाला आणि त्याच्यापुढे खडीचा उभा चढ. पायथा आला. मी मनात म्हटलं, आता पाडा. आता तरी पाडा! नाही पाडला. अर्ध्या चढावर इंजिनाचा दम तुटला, तेव्हा आबांनी गिअर बदलला. पण क्लच काही पूर्ण सोडेनात. अर्धा दाबून, इंजिन रेसून, सगळं वजन तिथल्या तिथे तोलून धरलं. जळक्या प्लेटचा वास सुटला. मागची एक काकू म्हणाली, "कोणाचं काय करपलं ग?" आणि ट्रॉली हातभर मागे सरकली. मागे नाला होता.

मी उडी टाकली आणि धावत ट्रॅक्टरच्या पुढे जाऊन उभी राहिले. पदर कुठे गेला, देव जाणे. "आबा, ब्रेक दाबा! बठ्ठा उतरा, सगळे उतरा! चाकामागे दगड लावा!" ब्रेक लागला. पोरांना काखोटीला मारून बायका उतरल्या, पुरुषांनी चाकांमागे धोंडे टाकले. मग मी आबांच्या समोर, हातवारे करून, "पहिल्या लो गिअरमध्ये टाका! आता पूर्ण सोडा क्लच! पाय काढा, पाय!"

आबा माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. जेठानं सुनेच्या तोंडाकडे असं बघायचं नसतं. मला वाटलं, आता हा माणूस मला खाणार. तेव्हा माझंही टाळकं सरकलं, वर्षभराचं साठलेलं तोंडावर आलं, आणि सगळ्या भाऊबंदांच्या देखत मी ओरडले, "कितीदा सांगितलं! कळत कसं नाही हो तुम्हाला?"

त्यांनी पाय काढला. ट्रॅक्टर हलकी झालेली ट्रॉली घेऊन सावकाश वर गेला.

पिंपळनेरच्या मिस्त्रीनं खोलून पाहिलं आणि म्हणाला, "प्लेट गेली, पेटी वाचली. वेळेवर थांबवलं कुणी?" सगळ्यांची बोटं माझ्याकडे. बायका म्हणाल्या, "हाई तर मास्तरीन शे!" मी फुगले. खोटं कशाला बोलू, चांगलीच फुगले. हेही मिशीतल्या मिशीत हसत होते. आणि ट्रॅक्टर घरी आला त्या दिवशी आबांनी किल्ली ह्यांच्या तळहातावर ठेवली.

त्यानंतर ते पुन्हा सीटवर बसले नाहीत. ट्रॉलीतसुद्धा नाहीत. भाऊ ट्रॅक्टर घेऊन पुढे जायचा आणि आबा त्याच्या धुळीतून कडेकडेनं शेतापर्यंत चालत जायचे. गावाला तेवढंच पाहिजे होतं. सुनेनं जेठाला खाली उतरवलं, असं पाणवठ्यावर झालं. आधी मी म्हणायची, चूक कोणाची होती? माणसं वाचली ना? मग ते शेतातून पाय ओढत येताना दिसायचे, आणि माझा हात ताटातच थांबायचा. माणूस वाचवायला ओरडले होते, ते ठीक. पण ते शेवटचं वाक्य माणसं वाचवायला नव्हतं. ते माझ्या रागाचं होतं.

मी पुन्हा गोठ्यात उभी राहिले. "बाई, आबासले सांग, माले माफ करा. ट्रॅक्टर त्यासनाच शे." किती संध्याकाळी म्हटलं असेल. आबा तंबाखू मळत राहायचे, आणि मी समजून चालले की हा माणूस मला क्षमा करणार नाही.

बरीच वर्षं गेली. माझी पोरं शाळेत जाऊ लागली. एकदा अक्का आणि मी शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आबांचा राग भारी हो अक्का. म्हशीला सांगून सांगून माझी जीभ झिजली."

अक्कांचा हात थांबला. "बाई," त्या म्हणाल्या, "त्यासले ऐकू येस कोठे?"

मला उमजेना. त्या हळूच सांगू लागल्या. माझ्या लग्नाआधीच आबांचे कान अधू झाले होते, पुढे पुढे फारच गेले. समोर तोंड दिसलं तर ओठांवरून कळायचं, पाठीमागचं काहीच नाही. बहिऱ्याच्या हाती ट्रॅक्टर कोण देईल, म्हणून आबांनी अक्कांना शपथ घातली होती. भावालाही ठाऊक नव्हतं. "क्लचवर पाय ठेवीसनीच त्यासले इंजिन समजे," अक्का म्हणाल्या. "त्या पायनीच ते ऐकेत."

शेंगा तशाच पडल्या. उघडा तळवा, काढलेली चप्पल, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी ज्या पायावर ओरडले तो त्यांचा कान होता. आणि ज्या जेठानं सुनेचं तोंड बघू नये त्याची मी पदराआडून, म्हशीकडे वळून, वर्षानुवर्षं माफी मागत होते. एक अक्षर पोचलं नव्हतं. पोचलं होतं ते एकच वाक्य, कारण ते मी समोर उभी राहून म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी आमचे हे, ट्रॅक्टर अंगणात आणून, चालूच ठेवून, चुलत्यांकडे गेले. आबा ओसरीवर होते. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि पदर मागे सारला. प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाले, "आबा, चुकलं माझं. उद्या कांद्याची ट्रॉली तुम्हीच न्या."

त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, तसंच, टक लावून. मग काठी घेऊन उठले, ट्रॅक्टरपाशी गेले, चप्पल काढली आणि थरथरत्या पायरीवर डावा पाय ठेवला. बराच वेळ ठेवला. साखरेच्या आजारानं त्यांचे तळपाय सुन्न पडत चालले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही.

"आते पायले बी काही समजस नही, बेटा," ते म्हणाले, आणि चप्पल शोधू लागले. मी खाली बसून ती त्यांच्या पायात घातली.