टेस्ट हिरव्या, टाकी कोरडी

चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढे तुम्हाला माझी कीवच येणार आहे. माझ्या बावळटपणाचे किस्से तसे डझनभर आहेत. पण बदलापूर पूर्वेच्या आमच्या सोसायटीत लोक आजही मला लिफ्टमध्ये बघून गालातल्या गालात हसतात, ते या एकाच प्रकरणामुळे.

मी मोबाईलची ॲप बनवते. ऑफिस उल्हासनगरात, चार नंबर कॅम्पात. खाली जीन्सचा कारखाना, वर आम्ही. आमच्या सिंधी शेठना कोणीतरी पटवलं की अंबरनाथ-बदलापुरात पाण्याच्या टँकरचं ॲप काढलं तर लोक तुटून पडतील. फोनवर बटण दाबा, टँकर गेटवर. काम आलं माझ्या गळ्यात.

आता ॲप लिहिलं की त्याची परीक्षा घ्यावी लागते. कोडचा एकेक तुकडा सुटा करून तपासायचा. पण बुकिंगचा तुकडा तपासायला दर वेळी खरा टँकर थोडाच बोलावणार? म्हणून एक खोटा टँकरवाला बनवायचा. त्याला आमच्यात मॉक म्हणतात. पूजेला बायको हजर नसली की भटजी नवऱ्याच्या कमरेला सुपारी खोचायला लावतात ना, अगदी तसंच. सुपारी बोलत नाही, रुसत नाही, पूजा निर्विघ्न पार पडते.

माझ्या या सुपारीला नाव आणि नंबर हवा होता. मी बिनधास्त आमच्या आप्पांचा टाकला. आप्पा म्हणजे माझे सासरे. अंबरनाथच्या कारखान्यात जन्म काढून रिटायर झालेले, आणि कधीच कोणाला 'नाही' न म्हणालेले. "आप्पा, भाजी खारट झालीय का?" "हो." "की बरी झालीय?" "हो हो." मॉक म्हणून याहून लायक माणूस कुठे मिळायचा? कोणीही, कुठूनही, कितीही लिटर मागो, माझा टँकरवाला एकच उत्तर द्यायचा: 'टँकर गेटवर पोचला आहे. चालक: आप्पा.' आणि खाली आप्पांचा खराखुरा नंबर.

उत्तर बरोबर आहे का ते बघायला मॅचर असतो, म्हणजे पेपर तपासणारा मास्तर. माझा मास्तर फारच दयाळू होता. काहीतरी उत्तर आलं ना? मग पास. त्यामुळे सगळ्या टेस्ट हिरव्यागार. शेठ मागून येऊन स्क्रीनकडे बघायचे.

"बेटा, सब हरा है ना?"

"हां साईं."

"तो फिर डाल दो ना, कशाला थांबायचं?"

माती कुठे खाल्ली म्हणता? शेठच्या पाहुण्यांना ॲप दाखवायचं होतं आणि नेमका सर्व्हर बंद पडला. म्हटलं, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. टेस्टमधला खोटा टँकरवाला उचलला आणि खऱ्या ॲपमध्ये बसवला. पाहुणे खूश, शेठ खूश, पेढे आले. पेढ्यांच्या नादात सुपारी काढायची राहिली, आणि ॲप तसंच लोकांच्या फोनवर गेलं.

त्याच आठवड्यात पाइपलाइनच्या कामासाठी दोन दिवस पाणी बंद. आणि त्यातच तळमजल्यावरच्या म्हात्रे काकूंच्या लेकीची हळद, रविवारी. अडीचशे माणूस जेवायला आणि सोसायटीच्या टाकीचा तळ दिसतोय. काकूंनी नेहमीचा टँकरवाला सांगून ठेवला होता. मला कोणी विचारलं होतं का? पण मीच जाऊन म्हणाले, "काकू, त्याला नाही सांगून टाका. तो कधी वेळेवर आलाय? माझ्या ॲपवर बुक करा."

"नक्की येईल ना गं? हळदीला पाणी नसलं तर व्याह्यांसमोर माझं नाक कापलं जाईल."

"काकू, एकूण एक टेस्ट पास आहे."

टेस्ट म्हणजे काय ते काकूंना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, हे रविवारी कळलं.

सकाळी नऊला काकूंनी बटण दाबलं. दाबल्या दाबल्या उत्तर: टँकर गेटवर पोचला आहे. काकू दोन जावा आणि चार पिंपं घेऊन गेटवर. तिथे वॉचमन आणि एक कुत्रं. काकूंनी परत दाबलं, टँकर परत पोचला. मग बाकीच्यांनीही आपापल्या फोनवर दाबून पाहिलं. पंधरा मिनिटांत आमच्या गेटवर सात टँकर पोचले होते आणि पाण्याचा थेंब नव्हता.

मग लोकांनी चालकाला फोन लावायला सुरुवात केली.

वर आमच्या घरी आप्पा पेपर वाचत बसले होते. फोन वाजला. "हो... हो हो." ठेवला. परत वाजला. "पाणी? हो. पाच मिनिटांत? हो." मी आपली पोहे ढवळतेय आणि कौतुकाने विचारतेय, "आप्पा, आज फार फोन येतायत तुम्हाला?"

"हो."

आठव्या फोनला मात्र एकच आवाज फोनमधूनही आला आणि खिडकीतूनही. मी वाकून पाहिलं. खाली गेटवर पिवळ्या साडीत म्हात्रे काकू.

"अहो ड्रायव्हर, अर्ध्या तासापासून पाच मिनिटं, पाच मिनिटं करताय. आहात कुठे?"

"घरी," आप्पा म्हणाले.

"टँकर घेऊन घरी बसलात?"

"हो."

माझ्या हातातला झारा पोह्यांत पडला. तशीच धावत खाली गेले आणि सगळं कबूल केलं.

"म्हणजे टँकर नाहीच?" काकूंनी विचारलं.

"काकू, तो फक्त टेस्टपुरता होता."

"आणि तुझ्या शब्दावर मी खऱ्याला नको म्हणून सांगितलं."

काकू पालथ्या पिंपावर बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नेहमीच्या टँकरवाल्याला फोन लावला तर तो वांगणीला दुसऱ्या कामावर गेलेला, संध्याकाळशिवाय येणार नव्हता. हळद अकराला.

तेवढ्यात स्लीपर फटफटवत आप्पा खाली आले. "पाणी हवंय का?" त्यांनी विचारलं. आणि कारखान्यातल्या जुन्या सोबत्याला फोन लावला, ज्याच्या भाच्याचा टँकर आहे. ज्या माणसाने जन्मभर कोणाला नाही म्हटलं नाही, त्याला तरी कोण नाही म्हणणार? आप्पा स्वतः रिक्षा करून अंबरनाथला गेले आणि पावणेअकराला टँकर गेटवर पोचला. ड्रायव्हरशेजारी आप्पा बसलेले. माझ्या ॲपने सांगितलेलं जवळजवळ अक्षरन् अक्षर खरं ठरलं होतं, फक्त त्यात माझा काही हात नव्हता.

हळद दणक्यात झाली. पंगतीत मी आप्पांशेजारी बसले. समोर म्हात्रे काकू वाढत होत्या, आजूबाजूला अख्खी सोसायटी. मला जरा धीर हवा होता, आणि धीर हवा असला की आमच्या घरात आप्पांना विचारायची पद्धत आहे.

"आप्पा, तशी छोटीशीच चूक झाली ना माझी?"

आप्पांनी हातातली जिलबी ताटात ठेवली.

अपेक्षित उत्तर: हो. मिळालेलं उत्तर: "नाही."

सुपारी बोलली, आणि बोलली ती भर पंगतीत.