सदऱ्यातलं अंडं

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम नुकतंच सुरू झालं होतं. बोईसरहून सुटलेल्या एसटीत माझ्या शेजारी एक धिप्पाड कोळी बसला होता. एक हात सदऱ्यात, पोटाशी. मला वाटलं, पोट दुखत असेल. तेवढ्यात सदऱ्यातून चिवचिव ऐकू आली.

त्याने हळूच अंडं काढून दाखवलं. कवच टिचलं होतं आणि भोकातून इवलीशी चोच दिसत होती. त्याची कोंबडी मेली होती, म्हणून ते बहिणीकडे उबवायला बसलेल्या कोंबडीखाली ठेवायला तो निघाला होता.

"सकालपासून अडकलाय. फोडू काय?"

"फोडा," मी म्हणालो. त्याने नख लावलं.

"हात नको लावू, मरंल!" मागची बाई ओरडली. त्याने नख काढलं.

"अहो, गुदमरेल ते!" कंडक्टर म्हणाला. नख पुन्हा लागलं.

"मला मासलीचं कलतं, याचं काय कलत नाय," तो रडकुंडीला आला. चोच हलेना, तसं त्याने अंडं कानाला लावलं. सगळी बस त्याच्याकडे वाकली.

"दम खातोय," तो कुजबुजला.

मग मागच्या बाईशी त्याचा वाद पेटला. तो हातवारे करून तिला समजावत असतानाच तळहातावर कवच दुभंगलं आणि ओलं पिल्लू बाहेर पडलं.

त्याचा चेहराच उतरला. "मी येवढा जीव टांगून बसलो, आन यानं मला इचारलं पन नाय!"

पिल्लू सदऱ्यात घालून तो तारापूरला उतरला. आपापले थांबे विसरलेले आम्ही काहीजणही तिथेच उतरलो आणि उन्हातून मागच्या थांब्यांकडे चालत निघालो. बहिणीची कोंबडी परकं पिल्लू पंखाखाली घेईल का, यावरून आमच्यात दोन तट पडले होते.