मंगळवारचा परिच्छेद

आमच्या वकीलसाहेबांकडे कुणी घटस्फोटासाठी आलं, की ते आधी एकच विचारायचे, "मागच्या मंगळवारी तुमच्या घरी काय काय झालं?" समोरचा बावचळायचा. तो बिचारा सात वर्षांची गाऱ्हाणी पाठ करून आलेला, आणि ह्यांचं आपलं मंगळवार! "विशेष काही नाही झालं हो," असं तो म्हणाला की साहेब खूश. "तेच सांगा. विशेष नको."

मारहाण, छळ असेल तर असलं काही विचारत नसत, सरळ अर्ज टाकायचे. पण 'आमचं पटत नाही' म्हणणाऱ्यांची मंगळवारातून सुटका नव्हती. एक बाई म्हणाली, नवरा रात्री न्हाणीघराच्या दारातून बघतो मी झोपले का, आणि जागी दिसले तर परत आत जाऊन बसतो. तिचा अर्ज संध्याकाळच्या आत तयार झाला. एका गृहस्थाला बायकोचं एक म्हणून चांगलं सांगता येईना. पण मंगळवार सांगताना बोलून गेला, "डबा ती भरते, झाकण मी लावतो. तिचं मनगट दुखतं ना." साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि त्याला घरी पाठवून दिलं. तो काही परत आला नाही.

हा मंगळवार ते अर्जातही घालायचे, वेगळा परिच्छेद करून. बाकीचे वकील चिडवायचे, "काय हो, बुधवारने तुमचं काय घोडं मारलंय?" पण आमच्या कोर्टातल्या न्यायाधीशबाई तो परिच्छेद सगळ्यात आधी वाचायच्या. कलमं मला पाठ आहेत, माणसं पाठ नाहीत, असं त्यांनी एकदा भर कोर्टात सांगितलं होतं.

मी साहेबांची टंकलेखिका. बावीस वर्षं झाली. फटकळ आहे, हे कुणी सांगायची गरज नाही. घरी एक खोली, एक खिडकी आणि मी. त्यामुळे ऑफिसमधून उठायची घाई मला कधीच नसायची.

एके दिवशी बेलिफ नोटीस घेऊन आला. कुठल्या तरी अशिलाची असेल म्हणून मी फोडली, तर अर्जदाराच्या जागी वहिनींचं नाव. साहेबांच्या बायकोचं! चार महिन्यांपासून त्या बहिणीकडे राहत होत्या, आणि ह्या माणसाने मला चकार शब्दाने सांगितलं नव्हतं.

"बाई, मला हे नकोय," साहेब म्हणाले. "ती घरी यायला हवी. बाकी काही नको." मी दुसरा वकील द्या म्हटलं, तर "कुठल्या तोंडाने सांगू?" म्हणाले. कोर्टात द्यायची कैफियत स्वतःच सांगायला बसले. मी टाइप करत होते. कलमं धडाधड आली. मंगळवारच्या परिच्छेदाशी गाडी अडली. साहेब खुर्चीतून उठले.

"हा तुम्हीच लिहा, बाई. तुम्हाला सगळं माहीत आहे."

एरवी मला स्वल्पविराम बदलू न देणारा माणूस! मी मूर्ख, मी हुरळले. साहेब किती भले आहेत ते न्यायाधीशबाईंना कळू दे, म्हणून मन लावून लिहिलं. अकराला दीड चमचा साखरेचा चहा. चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणं. पाचनंतर पाठ धरते म्हणून उभ्याने वाचणं. मंगळवारी गरिबांना फुकट सल्ला, म्हणून ऑफिसातच आठ वाजणं. साहेबांनी न वाचता सही केली. वाचल्याशिवाय सही करू नका, असं जन्मभर लोकांना सांगणाऱ्याने!

तारखेला न्यायाधीशबाईंनी नवरा-बायकोला आपल्या खोलीत बोलावलं, वहिनींच्या वकिलालाही बाहेर बसवलं. मी बाकावर बसले होते. पंधरा मिनिटांनी शिपाई आला, "टंकलेखिका कोण? आत बोलावलंय."

वहिनींच्या हातात माझा कागद होता. "हे तुम्ही लिहिलंत ना? चहात साखर दीड चमचा?"

"हो."

"घरी मी चोवीस वर्षं बिनसाखरेचा देत आले. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात साखर घालायची विसरले, हे काही बोलले नाहीत. मला वाटलं, असाच आवडतो."

"तुला वाईट वाटेल म्हणून..." साहेब पुटपुटले.

"चोवीस वर्षं?"

न्यायाधीशबाई साहेबांकडे वळल्या. "वकीलसाहेब, ह्या परिच्छेदात तुमची पत्नी कुठेच नाही. आता तुमचाच प्रश्न मी विचारते. मंगळवारी त्या काय करायच्या?"

साहेब चष्मा चाचपू लागले. "असायची... घरीच असायची."

"मंगळवारी मी पोहायला जाते हो," वहिनी म्हणाल्या. "चार वर्षं झाली. ओल्या केसांनी तुम्हाला जेवायला वाढायचे."

मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. सगळं माझ्यामुळे झालं होतं.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, सहा महिने मुदत देऊ का, अजून बोलून बघता का. वहिनींच्या आधी साहेबच म्हणाले, "नको. असा मंगळवार एखाद्या बाईने मला सांगितला असता, तर संध्याकाळच्या आत तिचा अर्ज तयार करून दिला असता. माझी संमती लिहून घ्या." वहिनी तेव्हा रडल्या. बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तुम्ही तरी त्यांच्याकडे नीट बघितलंत." हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? लाजही वाटली.

पुढच्या मंगळवारी पाच वाजता साहेब म्हणाले, "बाई, घरी जा." मी भडकले, कामं पडली होती. त्यांनी स्वतः माझं यंत्र बंद केलं. उजेडात खोलीवर पोचले. त्या वेळेला माझ्या खिडकीतून ऊन भिंतीवर येतं, हे मला ठाऊकच नव्हतं. ते जाईपर्यंत बघत बसले. दुसरं करायचं तरी काय होतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काल काय केलंत?"

"काही नाही."

"मीपण."

मी अकराचा चहा करायला उठले. साखरेचा डबा उघडला, सवयीने दीड चमचा साखर वाटीत काढली, आणि काय वाटलं कोण जाणे, दारात जाऊन विचारलं, "साहेब, साखर किती घालू?"

त्यांनी हातातली फाइल मिटली.

"खरं सांगू, बाई? मला एकच चमचा लागतो."

बावीस वर्षं! मी अर्धा चमचा परत डब्यात टाकला, आणि कप त्यांच्यासमोर नेऊन ठेवला.