उत्तरेकडचा दोर

त्या वर्षी, म्हणजे शहाऐंशी साली, गॅस्ट्रोची साथ तालुकाभर फिरली. तोंडवलीच्या वाडीत ती शिरली समाराधनेच्या पंगतीतल्या ताकातून. पहिली पंगत बाप्यांची, दुसरीही बाप्यांचीच; बायकांच्या पानापर्यंत ताक पोचलंच नाही. म्हणून बाप्ये आडवे आणि बायका उभ्या. असला हा मानपान!

रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढायला चाळीस माणसं लागतात. भिकाजी रापणकाराकडे उरली अठरा. बाईचा हात दोराला लागला तर मासळी रुसते, असं छाती फुगवून सांगणारा हा दीडशहाणा पहाटेच आनंदीच्या दारात उभा राहिला. आनंदी टोपलीने मासे विकणारी. नवरा लवू अंथरुणात, घरातले तांदूळ संपलेले.

"आनंदी गो, बायका घेऊन ये. येळच तशी इली हा."

"आणि मासळी रुसली तर, भिकाजीनू?"

तरी आनंदी वाडीतल्या बायका घेऊन किनाऱ्यावर आली.

खांद्याला खांदा लागून बाप्ये बाटू नयेत, म्हणून भिकाजीने सगळ्या बायकांना उत्तरेकडच्या दोराला लावलं. अक्कल ती एवढीच. जाळं अर्ध्यावर आलं आणि भिकाजी बोलला, "बायकांक अर्धो वाटो हां!"

आनंदीने दोर वाळूत टाकला. तिच्यामागे सगळ्याजणींनी टाकला. रापणीचे दोन्ही दोर बरोबरीने यावे लागतात. एक थांबला की जाळं तिरकं होतं आणि मासळी वाट काढते. बांगडे बाहेर पडू लागले.

"अगो, वढा! मासळी जाता!"

"जावंदे अर्धी. अर्ध्या वाट्याक उरली ती पुरे."

"पुरो देतंय, बाये!"

"माझ्या कानात नको. पलीकडच्या दोराक आयकाक येयत असा बोंबला."

भिकाजी बोंबलला. मग दोर हलला. मासळी थोडीच लागली, पण वाटे सगळे सारखे पडले.

पंधरा दिवसांनी बाप्ये उठले. ज्यांच्या तोंडात घोटभर पेज या बायकांच्या वाट्यावर गेली, तेच आता मिशा पुसत किनाऱ्यावर हजर. बायकांना दोरावरून हटवायला भिकाजीने आधी लवूलाच पुढे केलं. दुसऱ्याच्या आडून बोलायची त्याची खोडच.

"सोड आता," लवू म्हणाला. "मी इलंय मां."

आनंदीने दोर कमरेला घट्ट घेतला.

"इलात ता बरा झाला. मागसून धरा. जागा खूप आसा."

बायका हसल्या. लवू भिकाजीकडे बघत राहिला; भिकाजी समुद्राकडे. शेवटी लवू मागे गेला आणि बायकोच्या मागचा दोर त्याने धरला.