धानाच्या कट्ट्यांची फेरी

वैनगंगेचं पाणी नदीकाठच्या खेळण्यांच्या पार्कात शिरलं तेव्हा मासे म्हणे तिकीट न काढताच रोलर कोस्टरवर बसले होते. मी काही ते डोळ्यांनी पाहिलं नाही. पण पाणी ओसरल्यावर मागच्या डब्यात एक मरळ सापडली आणि तिला अजून चक्कर येत होती, एवढं शपथेवर सांगतो.

गाडी तशी म्हातारीच. कुठल्याशा मोठ्या शहरात वापरून झाली, मग आमच्याकडे आली. चार डबे, सोळा सीटा, दोन उंचवटे. पुरानंतर खालच्या वळणावर म्हैस लोळेल एवढा गाळ बसला आणि चाकांच्या बेअरिंगांत रेती गेली. पार्कच्या सेठने भंगारवाल्याला बोलावलं. त्याने रुळावर टिचकी मारून पाहिली आणि सोयरीक जमल्यासारखी मान डोलावली.

ही गाडी चालवायचे एक काका. कित्येक वर्षं ब्रेकचा दांडा त्यांच्याच हातात. घराणं तळ्यात जाळं टाकणारं, पण पाण्यात उभं राहून राहून यांचे गुडघे गेले, म्हणून हे गाडीवर आले. गाडी भंगारात गेली असती तर परत पाण्यात उतरायला त्यांच्याकडे पाय उरले नव्हते. शेवटी ते अड्याळला माझ्या वेल्डिंगच्या दुकानात आले.

मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. रोलर कोस्टरला मी जन्मात हात लावला नव्हता. पण बाजाराचा दिवस होता, चार माणसं कान देऊन उभी होती, आणि माझी जीभ अशा वेळी माझं ऐकत नाही. असल्या गाड्या मी डाव्या हाताने बनवतो, म्हटलं. साकोलीच्या पुढे जंगलात वाघांसाठी एक बसवून दिली आहे, दर बुधवारी बंद असते.

सेठने पंधरा दिवस दिले. पंधराव्या दिवशी तपासणीचे इंजिनिअर येणार. त्यांनी हो म्हटलं तर गाडी राहील, नाही म्हटलं तर त्याच दिवशी गॅस कटर लागेल.

काम मात्र मी जीव लावून केलं, ही थाप नाही. आम्ही गाळ उपसला, गंजलेले बोल्ट बदलले, नागपूरहून नवी बेअरिंगं आणली. मग ग्रीसची पाळी आली. ट्रॉलीला लावतो तेच घट्ट ग्रीस मी चाकाचाकात ठासलं. काका म्हणाले, जास्त होऊन राहिलं. मी म्हटलं, पाहुण्याला वाढताना हात आखडू नये.

चाचणीला सीटांवर धानाचे कट्टे, म्हणजे भाताची भरलेली पोती, बसवले. आमच्याकडे वजन म्हटलं की कट्टाच आठवतो. चाळीस किलोचा एक, म्हणजे साठ किलोच्या माणसामागे दीड कट्टा. पण अर्धा कट्टा शिवत बसणार कोण? प्रत्येक सीटवर दोन-दोन ठेवले. त्यात धान पुरात भिजलेलं. एवढ्या वजनाचे सोळा जण आमच्या भागात पंगतीतून उठल्यावरच सापडतात. गाडी अशी सुसाट सुटली की उतरवताना एक कट्टा अजून एक फेरी मागत होता. काकांनी माझी पाठ थोपटली.

पंधराव्या दिवशी इंजिनिअर साहेब आले आणि म्हणाले, आधी गाडी रिकामी सोडा.

रिकामी? हा विचार आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. साखळीने गाडी वर ओढली, ती पहिल्या उतारावरून खाली आली, दुसऱ्या उंचवट्यावर चढायला लागली, आणि माथा तीन हातांवर असताना थांबली. मग मागे आली. खोलगट भागात पाळण्यासारखी दोन-चारदा हलली आणि उभी राहिली.

रूळ वाकले, सेठ म्हणाले. भंगारवाल्याने ट्रकवरची ताडपत्री काढायला घेतली. मी सांगितलं, कोंढा गावाकडून उलटं वारं सुटलंय. साहेबांनी पळसाच्या झाडाकडे पाहिलं. एक पान हलत नव्हतं. काका कोणाकडेच पाहत नव्हते, खांद्यावरच्या दुपट्ट्याने ब्रेकचा दांडा पुसत होते.

मी पुढे झालो.

"सेठ, गाडी चांगली हाय," मी म्हणालो. "मीच ग्रीस ठासलं. भरलेली होती तवा वजनानं निघून गेली, रिकामीले जमून नाही राहिलं. चूक माझी हाय."

आयुष्यात असं वाक्य मी पहिल्यांदाच बोललो, आणि त्यावर एका माणसाचाही विश्वास बसला नाही.

"वाघायसाठी गाडी बनवली म्हणून तुमीच सांगत होते नं?" सेठ म्हणाले. "आता काकाले वाचवाले हे नवीन काढलं."

मी आईची शपथ घेतली. मरळीच्या वेळीही मी आईचीच घेतली होती, हे भंगारवाल्याने सगळ्यांना सांगितलं.

तेव्हा काका दांडा सोडून पुढे आले. "साहेब, याच्या तोंडाकडे नोका पाहू. चाक उघडून पाहा."

साहेबांनी चाक उघडायला लावलं. आतून लोण्याच्या गोळ्यासारखं ग्रीस बाहेर आलं. त्यांनी चाक हाताने फिरवलं, ते अर्धा फेराही गेलं नाही. मग साहेब म्हणाले, सगळी चाकं डिझेलने धुवा, गाडीच्या माहितीपुस्तकात लिहिलंय तेवढंच आणि तसंच ग्रीस लावा. मी चारपर्यंत बसतो.

आम्ही सगळे चिंध्या घेऊन बसलो. सेठचा पांढरा सदरा काळा झाला. अर्धे कट्टेही मीच शिवले, दाभण बोटात चारदा घुसली.

चारच्या आत गाडी पुन्हा रिकामी सोडली. दुसऱ्या उंचवट्यावर ती जराशी रेंगाळली आणि पलीकडे उतरली. मग अर्धी भरून सोडली, मग पूर्ण, माणसामागे बरोबर दीड कट्टा ठेवून. साहेबांनी सही केली. भंगारवाल्याने ताडपत्री परत बांधली आणि रिकामा ट्रक घेऊन निघाला.

काकांनी ब्रेक ओढून गाडी फलाटाला लावली, हात पुसले, आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं,

"भाऊ, आज तू खरं बोलला. तब्येत बरी हाय नं तुही?"