झाकणाचा खटका

"उत्तर आलं का?" असं विचारताना मॅडम टेबलावर चापट मारायच्या. चहाचे कप हलायचे. हा प्रश्न त्यांनी शांतपणे विचारलेला मी कधी ऐकला नाही.

अंबडला आमच्या कारखान्यात पाण्याच्या मोटारींचे स्टार्टर बनायचे. मी क्वालिटीत होतो आणि त्या टेस्टिंगला. मोजमापाच्या यंत्रांना कॉम्प्युटरवरून हुकूम देणारे प्रोग्राम त्या लिहायच्या. इतके व्होल्ट सोड, इतका वेळ धर, करंट कुठे गळतोय का ते सांग. यंत्राच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही, सगळं दुरून. सगळे त्यांना टेस्टिंगवाल्या मॅडम म्हणत.

एकदा मी म्हणालो, "मॅडम, कमांड पाठवली."

"पाठवलीत ते दिसतंय. त्याने ऐकली का? विचारलंत त्याला? हुकूम सोडला की काम झालं, असं साहेब लोकांना वाटतं. तुम्ही कधी झालात साहेब?"

त्या मूळच्या कळवणकडच्या. इंदिरानगरात राहून भाषा शहरी झाली होती, पण राग फार चढला की अहिराणी वर यायची. ती आली की आम्ही कामाला लागायचो.

लाइनवर ठेकेदाराच्या मुली असायच्या, बहुतेक पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवरच्या. मॅडम त्यांच्यावर दिवसभर ओरडायच्या. ओढणी बांध, बांगड्या काढ, केस मागे घे. एकदा पाकीटभर क्लिपा आणून त्यांनी सगळ्यांना वाटल्या, त्याही ओरडतच. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना माया करायची तर आवाज चढवावा लागतो.

शेवटची चाचणी मोठ्या व्होल्टेजची. स्टार्टर पेटीत ठेवायचा, झाकण लावायचं, कॉम्प्युटरवर एंटर दाबायचं. झाकणाला एक खटका होता. व्होल्टेज सोडण्याआधी मॅडमचा प्रोग्राम विचारायचा, झाकण लागलंय का? हो असं उत्तर आलं तरच पुढे. तो खटका जुना झाला होता. झाकण लावलं तरी कधीकधी लागलं नाही म्हणायचा आणि लाइन थांबायची. नवा मागवा, नवा मागवा, म्हणून मॅडमचा घसा बसला. प्रॉडक्शनचे साहेब म्हणायचे, "बघू." त्याच महिन्यात कंपनीच्या वर्धापनदिनाला गेटपासून कॅन्टीनपर्यंत झेंडूच्या माळा लागल्या. तेवढ्या पैशांत असे कितीतरी खटके आले असते. आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

मॅडम भावाच्या मुलीच्या लग्नाला कळवणला गेल्या. साहेबांनी बाहेरचा प्रोग्रामर बोलावला आणि झाकणाचा तो प्रश्नच काढून टाकायला लावला. लाइन धावू लागली. साहेब खूश.

दोनच दिवसांत पेठची एक मुलगी उघड्या पेटीत वायर सरळ करत होती. डाव्या हाताचा धक्का एंटरला लागला. ती मागे फेकली गेली. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं भाजली.

साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "उपास होता तिचा. चक्कर आली."

मॅडम परतल्या त्या थेट कॉम्प्युटरसमोर बसल्या. प्रोग्राम उघडला. एकेक ओळ वाचत खाली गेल्या. मग उठल्या.

"हाई कोनी करं?"

आवाज ऐकून साहेब स्वतःच लाइनवर आले.

"मॅडम, शांत व्हा. त्या मुलीची तब्येतच—"

"या इकडे. ही पेटी. झाकण उघडं आहे. घाला हात आत."

"काहीतरीच काय!"

"घाला ना. मी एंटर दाबते." मॅडमचं बोट खरंच एंटरवर होतं. "तुमचा तर उपास नाही ना साहेब?"

सगळ्या मुली हातातलं काम टाकून बघत होत्या. साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले आणि केबिनमध्ये गेले.

मॅडमनी तो प्रश्न परत प्रोग्राममध्ये घातला. आठवड्याभरात नवा खटका आला. इतक्या सहज आला, की त्याचाच जास्त संताप आला. त्या मुलीला ठेकेदाराने परत घेतलं नाही. मॅडमना वरून सांगण्यात आलं, तुमची वागणूक कंपनीला शोभत नाही, राजीनामा द्या. त्यांनी तो दिला, पण त्यात खटक्याची सगळी हकिकत लिहिली. ती काढून टाका म्हणून कंपनीची दोन माणसं गळ घालायला आली. मॅडमनी त्यांनाही हाकललं. आता त्यांच्या जागी एक शांत गृहस्थ बसतात. मला ते सहन होत नाहीत, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

परवा द्वारका चौकातल्या सिग्नलला मॅडम दिसल्या. स्कूटरवर मागे ती पेठची मुलगी. तिच्या भरपाईसाठी दोघी कामगार कार्यालयात निघाल्या होत्या. शेजारची रिक्षा पुढे घुसताना मुलीच्या भाजलेल्या हाताला घासली आणि मॅडमचा पारा चढला. स्कूटर तिथेच उभी करून त्यांनी रिक्षावाल्याला असं फैलावर घेतलं, की तो हात जोडू लागला. सिग्नल सुटला, रिक्षा निघून गेली, मागून हॉर्नचा गदारोळ उठला, तरी त्यांचं बोलणं संपेना. मुलगी डाव्या हाताने त्यांचा खांदा हलवत म्हणत होती, "चला ना मॅडम, चला ना."