टेकडीवरचे तात्या

सुप्याच्या बाजारात नेहमी भेटणारे तात्या टेकडीवरच्या चौकीत राहून वणव्यावर नजर ठेवतात. बोलता बोलता त्यांचं लक्ष माळाकडं जातं आणि वाक्य अर्ध्यावरच राहतं. माघात एकदा मी त्यांच्याकडं मुक्कामाला गेलो. वाळल्या गवतात ठिणगी पडायला नको म्हणून ते तिथं चूलसुद्धा पेटवत नाहीत. आम्ही गार भाकरी खाऊन झोपलो.

पहाटे उतारावर धूर दिसला. तात्या अनवाणीच धावले, मी मागोमाग. एका म्हाताऱ्या मेंढपाळानं जाळ केला होता. तात्यांनी त्यावर भराभर माती लोटली. आता म्हाताऱ्याला शिव्या बसणार, असं मला वाटलं.

"कोकरू आत्ताच जलमलंय. गारठून मरंल वं," म्हातारा रडकुंडीला आला.

तात्यांनी अंगातला स्वेटर काढून त्यात कोकराला गुंडाळलं आणि त्याला छातीशी धरून तिथंच बसले.

"जाळ नगं, आबा. ऊन येस्तवर मी धरतो की ह्याला."

मी माझी शाल पुढं केली.

"मला न्हाय थंडी," ते म्हणाले. दात वाजत होते.

ऊन आलं तेव्हा कोकरू त्यांच्या बनियनची कड चोखत होतं आणि तात्या काही केल्या उठायला तयार नव्हते.